जातीचा रकाना, गिरमिटाचा काळ आणि आपली वंशावळ

मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड देण्याचा निर्णय जाहीर केला. बातमी वाचून बहुतेकांनी पान उलटले असेल. मला मात्र प्रश्न पडला : सात पिढ्यांपूर्वीचा आपला माणूस कोण होता, हे सिद्ध कोण करू शकतो? ज्याच्याकडे कागद आहे तो. आणि कागद कोणाकडे असतो, हा प्रश्न भारतात शेवटी जातीपाशीच येऊन थांबतो.

नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थपुरोहितांच्या चोपड्या आहेत. कोण यात्रेला आला, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू, हे त्यांत पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेले सापडते. त्या चोपड्यांत आपला पणजोबा शोधायला गेलात तर काय सापडेल? ज्याला देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याची वंशावळ देवळाच्या दारात कोण लिहील? आपले पूर्वज जिथे लिहिले गेले ती दफ्तरे वेगळी आहेत. पलटणीचे कागद, गिरणीचे मस्टर, गावचे कोतवाल बुक, शाळेचे रजिस्टर. आणि समुद्र ओलांडून गेलेल्यांसाठी गिरमिटाची नोंदवही.

मॉरिशसचा इतिहास थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामी कायद्याने संपली. पण ऊस तोडायला माणसे हवीच होती. म्हणून मळेवाल्यांनी आधीच हिंदुस्थानाकडे हात पसरला होता. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले. ते छोटा नागपूरकडचे डोंगराळ भागातले आदिवासी होते. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे गेली. सर्वाधिक कलकत्त्याहून, नंतर मद्रासहून, आणि सर्वांत कमी मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरीकडची कोकणी माणसे बरीच होती. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यातले. त्यांचे वडील पोटासाठी पलटणीत गेले; त्याच मुलखातली काही माणसे त्याआधी मळ्यावर गेली. आज कास्काव्हेलसारख्या गावांत त्यांची पाचवी-सहावी पिढी आहे.

धर्मशास्त्राने समुद्रप्रवास पातक ठरवला होता. बौधायन धर्मसूत्रात तो पतित करणाऱ्या कर्मांत गणला आहे. पण ज्याच्याकडे गमावायला जातीचा मान नव्हताच, त्याला काळ्या पाण्याचे भय कसले? जहाजात एकाच भांड्यातले अन्न, एकाच पिंपातले पाणी. तिथे ‘जहाजी भाई’ हे नवे नाते तयार झाले. गाव नसेल, गावकी नसेल, तर जात टिकवायला किती कष्ट पडतात हे या जहाजांनी दाखवून दिले.

पण बंदरावर कारकून बसला होता. त्याच्या वहीत रकाने होते : क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, गाव, जिल्हा, अंगावरची खूण. आणि जात. समुद्राने जे सैल केले ते शाईने पुन्हा आवळले. या रकान्याची गंमत बघा. कुठे जातीच्या जागी ‘मुसलमान’ लिहिले आहे. भरती करणाऱ्यांना शेतात राबणारी माणसे हवी असत, म्हणून काही ब्राह्मणांनी जात लपवली; काहींनी नव्या मुलखात वरची जात सांगून टाकली. म्हणजे जी जात जन्मसिद्ध, ईश्वरनिर्मित म्हणून सांगितली जाते, ती एका कारकुनासमोर एका वाक्यात बदलत होती! तरीही ती मेली नाही. राजपूत, वैश, रविवेद हे गट मॉरिशसच्या हिंदू समाजात आजही आहेत आणि लग्न ठरवताना आठवतात. जात मोडायला जहाज पुरत नाही, हाही या इतिहासाचा धडा आहे.

आता काळाच्या शब्दांकडे येऊ. ‘गिरमिट’ म्हणजे ‘अॅग्रीमेंट’. हा माणसाचा काळ विकत घेण्याचा करार होता. पुरुषाला महिना पाच रुपये. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्याला ‘डबल कट’ म्हणत. आजारी पडणे हाच दंडाचा गुन्हा! आपल्या गावात महाराचा काळ वतनाने बांधलेला होता, हाक आली की जायचे, दिवस-रात्र नाही. तिथे तो घड्याळाने आणि हजेरीने बांधला.

याच कागदांतली इंग्रजी शोधणाऱ्याला फसवते. ‘ओल्ड इमिग्रंट’ वाचून म्हातारा समजू नका. ज्याने गिरमिटाची मुदत पुरी केली तो ‘ओल्ड’, मग तो पंचविशीतला का असेना. १८६७ च्या कायद्याने याच मोकळ्या झालेल्या माणसांवर फोटो लावलेला पास सक्तीचा केला. पास नसला की भटका म्हणून अटक. त्याविरुद्ध १८७१ मध्ये अॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ यांच्या मदतीने नऊ हजारांहून अधिक मजुरांनी अर्ज केला आणि चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. ‘लेट ऑफ’ अमुक मळा, म्हणजे तो मेला असे नव्हे. पूर्वी त्या मळ्यावर होता, एवढेच. पत्रात ‘५ इन्स्टंट’ म्हणजे याच महिन्याची पाच तारीख, ‘५ अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्याची. एक शब्द चुकला की जिवंत माणूस मेलेला ठरतो आणि महिना सरकतो. आणखी एक : पहिल्या गिरमिट्याचे नुसते नावच पुढे घराण्याचे आडनाव झाले, तेही कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे. म्हणून आडनावावरून जात शोधणारे तिथे हमखास तोंडघशी पडतात. खरा धागा म्हणजे इमिग्रंट क्रमांक. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या वह्या जपल्या आहेत.

हे परदेशाचे झाले. आपल्या घरात काय चित्र आहे?

वस्तीत काम करताना एक मुलगी भेटली. आजोबा घाटावरून मुंबईला गिरणीत आले. जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला. आजी म्हणाली, “तुझा आजा प्लेगच्या साली नाही, त्याचा बाप प्लेगच्या साली जन्मला. आन् तुझा बाप बाबासाहेब गेले त्याच्या दुसऱ्या साली.” कार्यालयातला माणूस हसला. मला हसू आले नाही. प्लेग म्हणजे १८९६ नंतरची वर्षे, बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला. आजीने चोख इतिहास सांगितला होता. फक्त त्याला कागदाची भाषा नव्हती. उलट कागदावर जे आहे ते किती खरे? आपल्या वडीलधाऱ्यांची जन्मतारीख बघा : १ जून, १ जून, १ जून. मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने टाकलेली. खोटी तारीख पुरावा ठरते आणि आजीची खरी आठवण गप्प ठरते!

परराज्यातून आलेल्यांचे हाल आणखी वेगळे. अस्पृश्यता राज्याच्या सीमेवर थांबत नाही, पण अनुसूचित जातीचा दाखला थांबतो. १९९० मध्येच सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे.

काही जण म्हणतील, आपण बौद्ध झालो, मग मागची जात कशाला उकरायची? पूर्वज शोधणे आणि जात जपणे या दोन गोष्टी नव्हेत. अभिमानाची वंशावळ त्यांची असू द्या. आपली वंशावळ श्रमाची, स्थलांतराची आणि अन्यायाच्या पुराव्याची आहे. पुरावा नसेल तर उद्या अन्यायच झाला नाही असे सांगणारे तयारच आहेत.

म्हणून मित्रहो, या रविवारी एवढे करा. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा, मोबाईलचे रेकॉर्डिंग सुरू करा. “तुमचा जन्म कधीचा?” असे विचारू नका, “तेव्हा गावात काय घडले होते?” असे विचारा. मग तहसीलमध्ये गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेतला जुना दाखला मागा. दोन्ही शेजारी ठेवून लिहा. कारकुनाने आपल्याला एका रकान्यात बसवले होते; पूर्ण पान आता आपण लिहायचे आहे.

जय भीम!