उचल न घेतलेली गाणी

दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातील गावे ओस पडू लागतात. नवराबायकोचा एक ‘कोयता’ मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फिटेपर्यंत परमुलखात उसाच्या फडात राबतो. या उचलीच्या हिशेबात आमची हयात गेली. तेव्हा रॅप नावाच्या गाण्याचा इतिहास आम्ही वाचावयास घेतला तो संगीताच्या गोडीने नव्हे. ती गाणारी पोरे स्वतःला ‘स्वतंत्र’ म्हणवितात. तो शब्द कानात अडकला. स्वतंत्र, पण कोणापासून?

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स हा गरीब कष्टकऱ्यांचा भाग. 11 ऑगस्ट 1973 रोजी तेथे एका मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी चार पैसे जमावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेविला. तिचा भाऊ कूल हर्क ग्रामोफोनच्या तबकड्या लावीत होता. एकच नाचरा तुकडा दोन तबकड्यांवरून आलटूनपालटून लांबवीत नेण्याची त्याची युक्ती पुढे गाजली, आणि त्या ठेक्यावर यमके जुळवून बोलणारे तयार झाले. तेच रॅप.

सहा वर्षांत तेथेही मुकादम पोहोचला. 1979 साली ‘रॅपर्स डिलाइट’ ही तबकडी निघाली व अफाट खपली. तिच्यातील बऱ्याच ओळी ग्रँडमास्टर कॅझ याच्या वहीतल्या होत्या; तबकडीवर मात्र त्याचे नाव नव्हते. गंमत अशी, की गाणाऱ्याने त्या इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझचे टोपणनावही त्यांत राहून गेले!

आपल्या शाहिरांनी ही चोरी फार पूर्वी ओळखली होती. वामनदादा कर्डकांचे गाणे कोणीही गावो, शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो आणि मालकी सांगून जातो. रॅपवाला आपल्या गाण्यात पुनःपुन्हा स्वतःचे नाव घेतो, त्याला पुष्कळजण बढाई म्हणतात. आम्हांला ती नाममुद्रा वाटते.

2014 साली कुर्ल्याच्या नेझीने ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर ध्वनिमुद्रित केले, चित्रणही त्यावरच केले. स्टुडिओचे भाडे वाचले, म्हणजे उचलीची गरजच संपली. मग मराठवाडा तरी मागे कसा राहील? 2023 साली छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे याने खोक्यांच्या राजकारणावर मराठी रॅप केले. गाण्यात कोणाचे नाव नव्हते, तरी एप्रिलमध्ये सत्ताधारी पक्षाच्या पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथला गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात मुंबईच्या उमेश खाडे यालाही जनतेच्या हालांवरील रॅपपायी पोलिसांना तोंड द्यावे लागले. एखाद्या कंपनीच्या दारात ही गाणी नेली असती तर ती बहुधा निघालीच नसती. पण कंपनी पाठीशी असती तर वकीलही तिचाच असता. एकट्याने बोलावयाचे म्हणजे एकट्यानेच कोर्टाची पायरी चढावयाची.

बरे, उचल नाही म्हणून मुकादमही नाही, असे थोडेच आहे! यूट्यूबने 2018 साली जाहिरातीच्या वाट्यासाठी 1000 वर्गणीदार व वर्षात 4000 तास गाणी पाहिली जाण्याची अट घातली. टनाचा दर ठरविताना आमची माणसे मुकादमाच्या ओट्यावर बसून त्याच्याशी हुज्जत तरी घालतात. येथे हुज्जत घालण्यासाठी ओटाच नाही.

2012 साली कॉपीराइट कायदा दुरुस्त झाला. चित्रपटातील गाण्यावरही गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतील समान वाट्याचा हक्क त्याने राखला. करारात तो लिहून घेतला तरी जात नाही. राज्यसभेत त्यासाठी जावेद अख्तर झगडले. हा वाटा गोळा करणारी संस्था इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. आपल्या गावातले एखादे पोर रात्री मोबाइलवर यमके जुळवीत असेल, तर त्याला कोणी तरी हे नाव सांगावे. आणि कंपनीचा कागद आला, तर सही करण्यापूर्वी तो आमच्या कार्यालयात वाचून घ्यावा. दिवा रात्री दहापर्यंत असतो.