संगणकातील घर्षणाची कुळकथा

संगणक घर्षणाचा हिशेब ज्या नियमांनी करतो, ते संगणकाहून कितीतरी जुने आहेत. घर्षण लंब दाबाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंताँ यांनी १६९९ मध्ये मांडले. पुढे फ्रान्समधील रोशफोरच्या जहाजगोदीत प्रयोग करून कुलोम यांनी त्याला भक्कम आधार दिला. १७८१ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांच्या निबंधाला पारितोषिक दिले.

नियम चिमुकला, पण गणिताला आडमुठा. वस्तू घसरत असेल तर घर्षण ठरलेले. थांबलेली असेल तर ते शून्यापासून कमाल मर्यादेपर्यंत कितीही असू शकते. टेकण्याचेही तसेच. फट असेल तर दाब नाही, दाब असेल तर फट नाही. अशी ‘हे किंवा ते’ची अट नेहमीच्या समीकरणांत बसत नाही. पुढे फ्रान्सचे पंतप्रधान झालेले गणिती पॉल पँलव्हे यांनी १८९५ मध्ये त्याहून मोठी अडचण दाखवली. खरखरीत पृष्ठावर तिरपी घसरणारी ताठ दांडी घेतली, तर काही स्थितींत समीकरणांना उत्तरच मिळत नाही, काहींत एकापेक्षा जास्त मिळतात. फळ्यावर पुढे ढकललेला खडू टणटण उड्या मारतो, तो याच कोड्याचा भाऊबंद.

पीटर कंडल यांनी १९७१ मध्ये संगणकावर खडकांच्या ठोकळ्यांची हालचाल गणताना या कोड्याला बगल दिली. ठोकळे एकमेकांत किंचित घुसू द्यायचे आणि जितकी घुसखोरी तितका विरोध, जणू मध्ये स्प्रिंग आहे. ओटो स्ट्रॅक यांच्यासह १९७९ मध्ये त्यांनी हीच रीत दाणेदार पदार्थांसाठी मांडली. रीत सोपी, पण स्प्रिंग कडक असल्याने काळाचे टप्पे अगदी बारीक घ्यावे लागतात आणि गणन लांबते.

माँपेलिए येथील झाँ-झाक मोरो यांनी १९८०च्या दशकात वेगळी वाट धरली: क्षणोक्षणीचे बल शोधत बसायचे नाही, एका टप्प्यात एकूण आवेग (बल गुणिले काळ) किती आणि वेग किती बदलला, एवढेच पाहायचे. या रीतीत वेगात एकदम उडी आली तरी बिघडत नाही. डेव्हिड स्ट्युअर्ट आणि जेफ ट्रिंकल यांनी १९९६ मध्ये घर्षणाचा शंकू, म्हणजे दिलेल्या दाबाला शक्य असलेल्या सर्व बलांनी बनणारा आकार, सपाट बाजूंच्या पिरॅमिडने बदलून ‘हे किंवा ते’ची अट सोडवता येईल अशा साच्यात बसवली. पँलव्हे यांची दांडी या पद्धतीत अडत नाही. व्हिडिओ गेम आणि यंत्रमानवांच्या हालचालींचा हिशेब करणाऱ्या अनेक संगणक-प्रणाली आज आवेगाच्याच हिशेबावर चालतात. घर्षणांक, म्हणजे घर्षण दाबाच्या किती पट हे सांगणारा आकडा, मात्र संगणक शोधून देत नाही. तो मोजूनच भरावा लागतो.