मुशींतला शिलारस

ठाणें आणि दिवा यांच्या दरम्यान पारसिकचा डोंगर पोखरून काढलेला रेल्वेचा बोगदा १९१६ सालीं खुला झाला. ज्या काळ्या कातळांतून तो कोरला, त्याच जातीचा कातळ कल्याणजवळच्या मलंगगडापासून सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत थरांवर थर रचून बसला आहे. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं भूगर्भांतून उसळलेल्या शिलारसाचा तो गोठलेला अवशेष होय. आज हें शाळेंतील मुलांसही ठाऊक असतें. परंतु असा कातळ अग्नीपासून झाला, हें पटविण्यास माणसाला भट्टी पेटवावी लागली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनींतील वेर्नरचे अनुयायी असा दगड पाण्याच्या तळाशीं सांचून बनला असें मानीत. स्कॉटलंडमधील जेम्स हटन अग्नीचा पक्ष घेई. त्यावर विरोधकांचा आक्षेप मोठा मार्मिक होता. वितळलेला दगड निवला म्हणजे त्याची कांच व्हावयास हवी. मग कातळांत स्फटिक कोठून आले?

हटनचा तरुण मित्र सर जेम्स हॉल याला प्रयोगानें उत्तर द्यावेंसें वाटलें. पण इवल्याशा मुशींत डोकावून पृथ्वीच्या अफाट व्यवहाराचा निवाडा करणें हटनला मान्य नव्हतें. वडीलधाऱ्याचा मान राखून हॉल थांबला. १७९७ मध्यें हटन वारला. पुढल्याच वर्षीं हॉलनें आपले प्रयोग एडिंबरोच्या विद्वत्सभेपुढें मांडले. वितळलेला दगड झटपट निवविला तेव्हां त्याची कांच झाली. तीच पुन्हां तापवून सावकाश निवविली तेव्हां स्फटिकमय दगड परत आला. पुढें बंदुकीच्या नळ्यांत चुनखडी कोंडून त्यानें ५०० हून अधिक प्रयोग केले, आणि दाबाखालीं तापलेल्या चुनखडीचा संगमरवरासारखा दगड होतो हें दाखविलें.

१९०५ सालीं अमेरिकेंत कार्नेगी संस्थेनें भूभौतिक प्रयोगशाळा स्थापिली. तेथील हेन्री वॉशिंग्टन यानें १९२२ मध्यें आपल्या दख्खनच्या कातळाचें रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलें. निवत्या रसांतून स्फटिक कोणत्या क्रमानें बाहेर पडतात, हें बोवेननें १९२८ च्या ग्रंथांत विशद केलें.

उणीव राहिली ती भूगर्भांतील दाबाची. सुमारें ३५ किलोमीटर खोलीवर तो हवेच्या दाबाच्या जवळजवळ १०,००० पट असतो. १९६० मध्यें बॉइड व इंग्लंड या द्वयीनें यासाठीं दट्ट्या व नळकांडें यांचें सुटसुटीत यंत्र सिद्ध केलें. प्लॅटिनमच्या कुपींत दगडाची चिमूटभर पूड भरतात. कुपी ग्राफाइटच्या नळींत ठेवून विजेनें तापवितात, आणि कठीण धातूचा दट्ट्या तिजवर दाब देतो. ठरल्या क्षणीं वीज तोडली कीं कांहीं सेकंदांत सारें निवतें. जें त्या खोलीवर रसरूप असतें त्याची कांच होते, जें घन असतें तें स्फटिकरूपानें राहतें. एके काळीं अग्निपक्षाविरुद्ध पुढें केलेली कांच अशा रीतीनें त्याचीच साक्षीदार झाली.

तथापि हटनची शंका अगदींच पोकळ नव्हती. दाब आणि उष्णता यंत्रांत कोंडतां येतात. हजारों वर्षांचा काळ कोंडतां येत नाहीं. म्हणून कुपींतल्या कणाची साक्ष घेतल्यावरही संशोधकाला हातोडी घेऊन पारसिकसारख्या डोंगराकडे यावेंच लागतें.