फुरशांची गणना आणि कोकणातील प्राणिसर्वेक्षण

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला. तत्पूर्वी मालवण, देवगड व वेंगुर्ले हे तालुके रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत असत. साहजिकच या किनाऱ्यावरील सरीसृप व उभयचर प्राण्यांच्या अभ्यासाचा पूर्वेतिहास जुन्या रत्नागिरीच्या कागदपत्रांत शोधावा लागतो. त्या इतिहासाचा आरंभ जिज्ञासेतून झाला नाही. तो भीतीतून झाला.

भीतीचे कारण फुरसे. कोकणात पाऊस विपुल असला तरी जांभ्याचे सडे वर्षातील सात-आठ महिने शुष्क व तापलेले असतात. अशा सड्यांवरील सुट्या दगडांखाली हा लहानसा विषारी साप दिवसा दडून राहतो. एकोणिसाव्या शतकात सरकारने मारलेल्या सापांमागे बक्षीस ठेवले. दगड उलटला की साप हाती लागे, आणि साप हाती लागला की पैसा मिळे. जी. डब्ल्यू. व्हिडाल या मुलकी अधिकाऱ्याने १८९० साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातील विषारी सापांवर लेख लिहिला. त्यात दिलेल्या आकड्यांप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षे दरसाल सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली.

हा आकडा थक्क करणारा आहे. तथापि त्याला सर्वेक्षण म्हणता येत नाही. बक्षिसाच्या हिशेबाला किती साप आले एवढेच हवे असते. ते कोणत्या सड्यावर, कोणत्या ऋतूत व किती उंचीवर सापडले, हे विचारण्याचे त्याला प्रयोजन नसते. व्हिडालचे महत्त्व असे की, त्याने हा आकडा मृत्यूंच्या आकड्यांशेजारी ठेवला. फुरशाचे विष रक्त साकळण्याची क्रिया बिघडवते. रोगी पुष्कळदा काही दिवसांनी दगावतो. यामुळे नागाच्या तुलनेने फुरसे गौण मानले जाई. ज्या जिल्ह्यांत फुरशी विपुल तेथे सर्पदंशाचे मृत्यूही अधिक, हे दाखवून व्हिडालने तो समज खोडून काढण्याचा प्रयत्न केला. हिशेबाच्या आकड्यांतून येथे प्रथमच एक शास्त्रीय प्रश्न उभा राहिला.

ज्या प्राण्यांना बक्षीस नव्हते त्यांची मात्र अशी नोंदच झाली नाही. भाषेतही हाच भेद दिसतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या प्रत्येकाला मराठीत स्वतंत्र नाव आहे, कारण ओळख चुकली तर प्राणाशी गाठ पडते. उलट, पाय नसलेल्या एका उभयचराला मराठीत ‘देवगांडूळ’ म्हणतात. या प्राण्याला पाठीचा कणा असतो. तो बेडकाचा दूरचा आप्त होय. नावाने मात्र त्याला गांडुळांत बसविले आहे.

या उपेक्षेचे मोल किती, हे त्याच जिल्ह्यातील घाटमाथ्यावर दिसून आले. आंबोली हे गाव पूर्वी सावंतवाडी संस्थानात होते. तेथील देवगांडुळाची एक नवी जाती २००३ साली वरद गिरी, विल्किन्सन व गॉवर यांनी वर्णिली आणि प्राणिशास्त्रज्ञ जे. सी. डॅनियल यांच्या स्मरणीय कार्याचा गौरव म्हणून तिला त्यांचे नाव दिले. पुढे २००९ साली बिजू, गिरी व त्यांचे सहकारी यांनी आंबोलीच्याच भेकाची एक जाती नव्याने नोंदविली. पहिल्या पावसाबरोबर खडकावर साचणाऱ्या उथळ पाण्यात हा भेक अंडी घालतो. ते पाणी आटले तर ती पिढी संपते. म्हणजे ज्या जिल्ह्यात लाखोंनी साप मोजले गेले, त्याच्या सीमेवरील हे प्राणी शास्त्राला आणखी शंभराहून अधिक वर्षे अनामिक राहिले.

यावरून असे म्हणता येईल की, सर्वेक्षणाचे फळ मोजणाऱ्याच्या परिश्रमाइतकेच त्याच्या प्रश्नावर अवलंबून असते. ‘किती मारले’ या प्रश्नाला उत्तर म्हणून केवळ संख्या मिळाली. ‘कोण, कोठे आणि केव्हा’ असे विचारले गेले, तेव्हाच सड्यावरच्या ओंजळभर पाण्यालाही इतिहासात स्थान मिळाले.