सर्पगंधेची कीर्ति आणि कसोटी

महाडाहून पोलादपुरास जातांना सावित्रीकांठचीं भातशेतें लागतात व पोलादपूर सोडलें कीं आंबेनळी घाटाची चढण सुरू होते. हा मुलूख पावसाचा, गवताचा आणि दगडी बांधांचा. अर्थात् विंचवांचा व सर्पांचाहि. माझें बाळपण येथेंच गेलें. त्या वेळीं या जिल्ह्यास कुलाबा म्हणत. 1981 सालीं त्याचें नांव रायगड झालें. मी सातआठ वर्षांचा असतांना शेजारच्या मुलाला पेंढा काढतांना लाल विंचू चावला. कोणी जाणत्यानें मूळ उगाळून लाविलें, थोडें पाजलें, आणि सर्वजण गुण येण्याची वाट पाहत बसले. मुलगा घामानें भिजला, हातपाय गार पडले, पहांटे धाप लागली आणि सूर्योदयापूर्वींच तो गेला. कोणाच्याहि मनांत वाईट नव्हतें. मूळ दिलें म्हणजे उपचार झाला, ही सर्वांची श्रद्धा होती. त्या श्रद्धेची कसोटी कशी लागली, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

सर्पविषावर नांवाजलेल्या मुळांत सर्पगंधेचा मान मोठा. कोंकणांत तिला कोठें हरकी, तर कोठें अडकई म्हणतात. सावलींत वाढणारें हें लहानसें झुडूप. फुलें पांढरीं-गुलाबी, फळें पिकल्यावर जांभळीं-काळीं, मूळ नागमोडी आणि अतिशय कडू. सर्पदंश, ताप आणि वेड यांवर तें पिढ्यान् पिढ्या दिलें जात होतें.

1931 हें वर्ष या इतिहासांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं मुंबईच्या हाफकिन संस्थेंतील डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनीं सर्पदंशावरील देशी वनस्पतींचें आपलें संशोधन प्रसिद्ध केलें. 300 हून अधिक वनस्पती त्यांनीं तपासल्या. सर्पविषावर उतारा म्हणून एकहि टिकली नाहीं. मग इतके लोक बरे कसे होत? उत्तर सोपें आहे. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळीं पुरेसें विष अंगांत उतरतेंच असें नाहीं. असा रोगी आपोआप बरा होई आणि यश मुळास मिळे. कावळा बसावा आणि फांदी मोडावी, तसा हा प्रकार.

परंतु त्याच 1931 सालीं कलकत्त्यास गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनीं सर्पगंधा वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असें लिहिलें. दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं मुळांतून शुद्ध द्रव्य काढून हकीम अजमलखानांच्या स्मरणार्थ त्यास अजमलीन हें नांव दिलें. पुढें 1949 सालीं मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या 50 रोग्यांवरील अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें मांडला आणि जगाचें लक्ष या मुळाकडे वळलें. 1952 सालीं स्वित्झर्लंडांतील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्यांतून रेसर्पीन वेगळें केलें. एक कीर्ति गेली, दुसरी मिळाली. आणि दोन्हीं वेळां निवाडा प्रयोगानेंच केला.

त्याच कसोटीनें दोषहि उघड केले. रेसर्पीननें कांहीं रोग्यांस खोल उदासीनता येई, कांहींचे हात कांपत, कोणाच्या जठरांत व्रण होई, नाक चोंदे. शिवाय झाडाझाडांच्या मुळांत द्रव्याचें प्रमाण सारखें नसतें. गोळींत तें मिलिग्रॅमच्या अंशानें मोजतां येतें. चिमूटभर चुर्णांत किती गेलें, हें कोण सांगणार? जें खरोखर गुणकारी असतें, तें अपायहि करूं शकतें. ‘झाडपाल्याचें आहे, बाधणार नाहीं’ हें म्हणणें म्हणूनच खोटें.

आतां पुन्हां महाडाकडे येऊं. 1976 सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत आले. विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्र रात्र बसून त्यांनीं नाडी व रक्तदाब यांची नोंद ठेविली. विषानें रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतें, फुप्फुसांत पाणी भरतें, हें त्यांनीं ओळखलें. आणि 1986 सालीं प्राझोसीन या औषधाचा उपयोग ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केला. पूर्वीं गंभीर रोग्यांपैकीं शेकडा 30 च्या आसपास दगावत. तें प्रमाण फारच खालीं आलें. 2011 सालीं महाडांतील 70 रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. प्राझोसीनच्या जोडीस विंचवाची प्रतिलस दिल्यास रोगी लवकर सुधारतो, असें त्यांत दिसलें.

चतुर श्रोता विचारील, प्राझोसीनहि रक्तदाबाचेंच औषध. मग सर्पगंधा कां चालूं नये? तर तोंडानें घेतलेल्या सर्पगंधेचा गुण यावयास दिवसांमागून दिवस लागतात, आणि विंचू चावलेल्याजवळ कांहीं तासच असतात.

म्हणून विनंती इतकीच कीं, दंश झाला तर मूळ उगाळीत बसूं नये, जखम कापूं नये, आवळून बांधूं नये. रोग्यास धीर देऊन तडक रुग्णालयांत न्यावें. सर्पदंशावरील प्रतिलस तेथेंच मिळते. रक्तदाबाची गोळी चालूं असतां वैद्यास न विचारतां सर्पगंधेचें चूर्ण घेऊं नये. आमच्या पूर्वजांनीं हें झुडूप ओळखलें, याचा मला अभिमान आहे. परंतु शेजारचा तो मुलगा आठवला, म्हणजे त्या रात्रीं वाट पाहण्यांत गेलेले तास मी अजून मोजीत बसतों.