एक चाक उलट फिरलं, म्हणून काय झालं?

ज्यांना हा एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी तो लिहून काढलाय. बोलताना जिथे माझी गाडी घसरली होती, तिथे थोडी डागडुजी केलीये.

सुरुवात एका व्हॉट्सॲप व्हिडिओने. माझा कॉलेजचा मित्र सध्या टेक्सासमध्ये असतो. त्याने तिथे १९९८ची शेव्हरोले पिकअप घेतली. विकणारा म्हणाला होता, मागे लॉकिंग डिफ्रन्शियल आहे, आणि त्याचे जास्तीचे पैसेही लावले होते. घरी आणल्यावर मित्राने मागची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर घेतली, एक चाक हाताने पुढे फिरवलं, तर दुसरं उलट फिरलं. खाली मेसेज: "साधंच डिफ आहे. फसवलं रे मला. उद्या जाऊन पैसे परत मागतो."

मी कोड लिहिणारा माणूस, ग्रीसमध्ये हात घालणारा नाही. पण त्या रात्री वाचत बसलो आणि सकाळी त्याला फोन करून म्हटलं, थांब, भांडू नकोस. का थांबवलं, हे कळायला जवळपास २०० वर्षं मागे जावं लागतं.

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर धरा. नुसतं काटकोनात वळलात, तरी बाहेरचं चाक जवळपास २.४ मीटर जास्त चालतं. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट बांधली तर त्यातलं एक रस्त्यावर घासत जाणार. ओनेसिफोर पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने १८२०च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी यावर उपाय काढला: मध्ये गिअरचा असा संच, की ताकद दोन्ही चाकांना मिळेल पण वेग वेगळा ठेवता येईल. गंमत बघा, तोडगा घड्याळजीला सुचला. दात मोजायची सवय!

पण या साध्या डिफमध्ये, म्हणजे ओपन डिफमध्ये, एक खोट आहे. ते दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं. एक चाक चिखलात गेलं की त्याला फिरायला जेमतेम जोर लागतो, आणि मग कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो. एक चाक गरागरा फिरतंय आणि गाडी जागची हलत नाही, हे आपल्याकडे पावसाळ्यात कोणी पाहिलेलं नाही?

१९३०च्या दशकात ऑटो युनियनच्या रेसिंग गाड्यांना हाच त्रास होता, कारण चिखल नसला तरी इंजिनात ताकद भलतीच होती. तिथे झेडएफ कंपनीचं लिमिटेड स्लिप डिफ आलं: एक चाक फार निसटायला लागलं की दुसऱ्याकडे जोर पोचवणारं. अमेरिकेत १९५६मध्ये पॅकार्डने ते रस्त्यावरच्या गाडीत दिलं, १९५७मध्ये शेव्हरोलेने. आत क्लचच्या चकत्या आणि त्यांना दाबून धरणारी स्प्रिंग. मग प्रत्येक कंपनीने आपापलं बारसं केलं. शेव्हरोलेचं पॉझिट्रॅक्शन, क्रायस्लरचं शुअर-ग्रिप, पॉन्टियॅकचं सेफ-टी-ट्रॅक. लोकांनी सगळ्यांनाच 'पॉझी' म्हणून टाकलं. झेरॉक्ससारखंच.

आता खरी अडचण. हे सगळं लोखंडी खोक्यात, तेलात बुडालेलं. बाहेरून काही दिसत नाही. मग ओळखायचं कसं?

सगळ्यात प्रसिद्ध ओळख सिनेमातली आहे. १९९२चा 'माय कझिन व्हिनी' पाहिला नसेल तर पुढचा परिच्छेद सोडा.

खुनाच्या खटल्यात दोन निर्दोष पोरं अडकलीयेत, आणि पळून गेलेल्या गाडीच्या टायरच्या खुणांचा फोटो पुरावा म्हणून समोर आहे. मरिसा टोमेने रंगवलेली मोना लिसा व्हिटो फोटो बघून सांगते की दोन्ही खुणा सारख्या आहेत, म्हणजे मागे पॉझिट्रॅक्शन होतं. शिवाय एक चाक कडेच्या उंचवट्यावर चढूनही दुसरं सपाट राहिलं, म्हणजे सस्पेन्शन स्वतंत्र होतं. पोरांच्या १९६४च्या ब्यूक स्कायलार्कमध्ये हे नव्हतं. १९६३च्या पॉन्टियॅक टेम्पेस्टमध्ये मिळायचं. पोरं सुटतात. टोमेला ऑस्कर मिळालं. (पॉन्टियॅकच्या कॅटलॉगमध्ये नाव सेफ-टी-ट्रॅक होतं, पण कोर्टात एवढं चालतं.)

गॅरेजमधली पद्धत म्हणजे माझ्या मित्राने केली ती. पुढच्या चाकांना ठोकळे, गाडी न्यूट्रलमध्ये, मागची चाकं हवेत, आणि हो, नुसत्या जॅकवर नाही. एक चाक फिरवायचं. दुसरं उलट गेलं तर ओपन, त्याच दिशेने गेलं तर लिमिटेड स्लिप. चकत्या स्प्रिंगने कायम दाबलेल्या असतात म्हणून ही चाचणी जमते. पण चकत्या झिजल्या की पॉझीसुद्धा ओपनसारखं वागतं.

बाकी खुणा कागदावरच्या किंवा धातूवरच्या. मागच्या झाकणाचे बोल्ट मोजायचे: जनरल मोटर्सचं १० बोल्टचं, १२ बोल्टचं, १४ बोल्टचं ॲक्सल. त्यावरून ॲक्सलचं घराणं कळतं, पोटात काय आहे ते कळत नाही. फोर्डच्या ९ इंची ॲक्सलला तर मागे झाकणच नाही, सगळा संच पुढून निघतो. तिथे बोल्टला अडकवलेली पत्र्याची छोटी पट्टी वाचायची. त्यावर आकड्यांच्या मध्ये 'एल' अक्षर, म्हणजे '३एल७३' असं असेल, तर गुणोत्तर ३.७३ आणि लिमिटेड स्लिप. फोर्ड पिकअपच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर '१९' म्हणजे ३.५५ साधं, 'एच९' म्हणजे तेच गुणोत्तर पण लिमिटेड स्लिप. ही पद्धत मला मनापासून आवडली. एका अक्षरात काम!

आणि मग येतं १९७३. ईटन कंपनीने जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी वेगळंच यंत्र दिलं. आत एक छोटा गव्हर्नर, म्हणजे फिरताना वजनं बाहेर फेकली जाणारा भाग. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की वजनं उघडतात, खटका अडकतो आणि दोन्ही चाकं पूर्ण लॉक होतात. गाडी ताशी सुमारे ३२ किलोमीटरच्या वर असेल तर हे लॉक लागू नये अशीही सोय आहे. फरक पडेपर्यंत ते ओपन डिफसारखंच वागतं. म्हणजे चाक सावकाश हाताने फिरवलं, तर दुसरं उलटंच जाणार.

जी चाचणी १९५७च्या पॉझीवर बरोबर चालायची, तीच इथे साफ खोटं बोलते. त्यात भर म्हणजे, साठच्या दशकातल्या शेव्हरोले कॅमॅरोच्या पॉझिट्रॅक्शनचा ऑर्डर कोड होता जी-८०. पिकअपमधल्या या नव्या लॉकरचा कोडही जी-८०च! आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच, आतला कोड अख्खा बदललेला, आणि जुनी टेस्ट फेल होतेय म्हणून लोक बग रिपोर्ट टाकतायत. एवढ्यावर भागत नाही. चकत्यांच्या पॉझीला तेलात खास ॲडिटिव्ह लागतं, नाहीतर वळताना ते कुरकुरतं. ईटनच्या लॉकरला ते लागत नाही. नुसता कोड वाचून तेल बदलणारा इथे चुकू शकतो.

मित्राला मी म्हटलं, ग्लोव्ह बॉक्स उघड, आत स्टिकर आहे, तीन-तीन अक्षरांचे कोड असतील, त्यात जी-८० शोध. पाच मिनिटांनी फोटो आला. होता.

तरी त्याचा विश्वास बसेना, आणि बरोबरच होतं. २५ वर्षांत मागचं ॲक्सल कोणीही बदललेलं असू शकतं. मग त्याने पिकअपचं एक मागचं चाक सैल खडीवर, दुसरं डांबरावर ठेवून हलका ॲक्सिलरेटर दिला.

हेच यंत्र आपल्या ओळखीचंही आहे. २०१५च्या महिंद्रा थारमध्ये मागे ईटनचंच मेकॅनिकल लॉकर आलं, तत्त्व तेच. तेव्हा जुनी थार बघायला गेलात आणि चाक हाताने फिरवून कोणी म्हणालं 'यात लॉकर नाहीये', तर लगेच मान डोलवू नका.

मित्राचा दुसरा व्हिडिओ नऊ सेकंदांचा आहे. खडी उडते, चाक थोडं घसरतं, खट्ट असा आवाज येतो आणि पिकअप सरळ पुढे जाते. मागे त्याचा आवाज: "अरे, मी त्या माणसाला रात्री काय काय मेसेज केलेत!"