कॉफीच्या कलमाला नारळपाण्याने खरंच मुळं फुटतात का?

'रूटिंग पावडर विसरा, नारळपाणी वापरा' असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. घरच्या गुलाबावर प्रयोग फसला तर फार काही बिघडत नाही. पण कोडगू-चिकमगळूरकडच्या नर्सरीत कॉफीची काडी दोन-तीन महिने पॉलिथिनखाली सांभाळावी लागते. ती कुजली, तर लागवडीचा हंगामच हातचा जातो.

मुळात कलम कशाला? अरेबिका स्वतःच्याच परागावर बी धरते, त्यामुळे रोपं बहुतेक आईसारखी निघतात. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून बियांची रोपं एकसारखी येत नाहीत. चांगल्या झाडाची हुबेहूब कॉपी हवी तर काडीच लावायची. तीही सरळ वर वाढणाऱ्या कोवळ्या धुमाऱ्याची! आडव्या फांदीची काडी लावली तर झाडही आडवंच पसरतं. हा मुद्दा रील्समध्ये कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते तो अर्कापेक्षा महत्त्वाचा आहे.

आता अर्काकडे वळू. काडीला मुळं फुटतात ती मुख्यतः ऑक्सिन या संप्रेरकामुळे. बाजारातल्या पावडरीत इंडोल ब्युटिरिक ॲसिड असतं, तेही ऑक्सिनच. नारळपाण्यात ऑक्सिन असतं, पण सोबत सायटोकायनिनही असतं. 1941 मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे कोवळे भ्रूण नारळपाण्यावर वाढवून दाखवले, तेव्हापासून ते टिश्यू कल्चरमध्ये वापरात आहे. गंमत अशी, की जास्त सायटोकायनिन मुळं अडवतं. शेवग्याच्या पाल्याचा रसही त्याच कारणाने दाट वापरू नये. शिवाय नारळपाण्यातल्या साखरेवर बुरशी धरते, म्हणून ताजंच घ्या, पातळ करा आणि काडी थोडा वेळच बुडवा. कोरफडीचा गर काडीचं टोक ओलं ठेवतो, पण पावडरीइतक्या ऑक्सिनची अपेक्षा त्याच्याकडून नको.

करून बघायचंच असेल तर एकाच झाडाच्या 60 काड्या घ्या, पानं अर्धी कापा. 20 साध्या पाण्यात, 20 नारळपाण्यात, 20 पावडरीत. साध्या पाण्याचा गट वगळलात तर मुळं अर्कामुळे फुटली की आपसूक, हे कळणारच नाही. प्रत्येक गटाला लेबल लावा आणि दर रविवारी मोबाईलवर त्याच जागेवरून फोटो काढा. नुसता हिरवा कोंब दिसला म्हणून खूश होऊ नका, काडीतल्या साठ्यावरही तो फुटतो. शेवटी काडी उपटून मुळंच मोजायची.